नकाशा भरायचा की वाचायचा?

भूगोलाच्या प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न हमखास असतो : ‘दिलेल्या आराखड्यात पुढील माहिती भरा व सूची द्या.’ खाली पाच-सहा नावे असतात. एखादी नदी, एखादी पर्वतरांग, एक बंदर, एक अभयारण्य. सोबत कोरा नकाशा जोडलेला असतो आणि तो उत्तरपत्रिकेला दोऱ्याने बांधायचा असतो. हा प्रश्न वरच्या वर्गांचा खरा, पण त्याची सावली तिसरी-चौथीपर्यंत पोचलेली आहे. तिथेही जिल्ह्याचा किंवा राज्याचा आराखडा हाती द्यायचा, नद्या निळ्या करायच्या, तालुक्यांची नावे लिहायची, हेच नकाशाचे शिक्षण आणि हीच त्याची परीक्षा. शिक्षकांना हा प्रश्न सोयीचा, कारण तपासायला वेळ लागत नाही. मुलांनाही प्रिय, कारण पाठ केले की गुण मिळतात. आमचा या प्रश्नाला आक्षेप आहे, आणि तो अगदी साधा आहे. हा प्रश्न सोडवताना नकाशा वाचावाच लागत नाही.

माणसाने नकाशा काढला तो सगळे लक्षात ठेवावे लागू नये म्हणून. अनोळखी मुलखात जाणारा माणूस नकाशा बरोबर घेतो, कारण तिथले त्याला काही ठाऊक नसते. परीक्षेत आपण नेमके उलट करतो. जे नकाशाने मुलाला सांगायचे, ते मुलाने नकाशाला सांगायचे असा हा प्रकार आहे. दहावीच्या परीक्षेत दृष्टिहीन विद्यार्थ्यांना या प्रश्नाऐवजी पर्यायी प्रश्न देतात आणि त्यांची उत्तरे लेखी असतात. मुलांची ही सोय केलीच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. पण ज्या प्रश्नाची जागा नकाशाशिवायचा प्रश्न इतक्या सहज घेऊ शकतो, तो नकाशावाचनाचे कौशल्य तपासत होता असे कसे म्हणायचे? (दृष्टिहीन मुलेही नकाशा वाचू शकतात, बोटांनी. कोलकात्याच्या राष्ट्रीय नकाशा संस्थेने २०१७ साली त्यांच्यासाठी उठावाचा ब्रेल नकाशासंग्रह काढला.)

स्थानांची माहिती निरुपयोगी आहे असे आम्ही म्हणत नाही. गोदावरी कुठून कुठे वाहते हे ज्याला अजिबात ठाऊक नाही, त्याला पाणीवाटपाच्या बातमीतून काय कळणार? शिवाय दहावीच्या अलीकडच्या प्रश्नपत्रिकांत दिलेला नकाशा वाचून उत्तरे लिहा असाही प्रश्न येऊ लागला आहे, ही चांगली गोष्ट. पण दहावीत वाचायला लावायचा नकाशा तिसरीत वाचायला शिकवलेला असावा लागतो, आणि घोडे तिथेच पेंड खाते.

प्राथमिक वर्गात नकाशाची ओळख कशी होते पाहा. प्रथम व्याख्या येते. मग नकाशाची अंगे : शीर्षक, दिशा, प्रमाण, सूची. मुले ही चार नावे कवितेसारखी म्हणून दाखवतात. त्यानंतर लगेच जिल्ह्याचा नकाशा. तिसरीसाठी जिल्ह्याजिल्ह्याचे वेगळे पुस्तक काढावे ही महाराष्ट्राने धरलेली वाट आम्हाला मोलाची वाटते. परंतु जिल्हा ही आठ वर्षांच्या मुलाच्या अनुभवातली गोष्ट नव्हे, हेही ध्यानात घ्यायला हवे. जिल्हा कोणी पाहिलेला नसतो. त्याची सीमा शेताच्या बांधासारखी दिसत नाही, ती एस.टी.तून जाताना केवळ एका पाटीपुरती असते. मुलाने पाहिलेली असते ती शाळा, घर, विहीर, दुकान, पार, ओढा. वरून पाहिले तर यांचे काय रूप दिसेल, हा नकाशाचा पहिला धडा. आणि पुस्तकात तो एका चित्रात उरकला जातो.

इथे कोणी म्हणेल की लहान मुलांना वरून पाहिल्याची कल्पना करताच येत नाही, पियाजेनेच तसे दाखवले आहे. पियाजे व इन्हेल्डर यांच्या १९४८ सालच्या पुस्तकात तीन डोंगरांचा प्रसिद्ध प्रयोग आहे. टेबलावर तीन डोंगरांची प्रतिकृती, आणि समोर बसलेल्या बाहुलीला ती कशी दिसत असेल हे मुलाने सांगायचे. सहा-सात वर्षांपर्यंतची मुले बहुधा स्वतःला दिसते तेच बाहुलीला दिसते असे सांगत. यावरून नकाशाचे शिक्षण पुढे ढकलावे असा निष्कर्ष पुष्कळांनी काढला. मात्र १९७० साली जेम्स ब्लाउट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या व पोर्तो रिकोतल्या, शाळेत नुकत्याच आलेल्या मुलांना विमानातून सरळ खाली घेतलेली छायाचित्रे दाखवली. काही न शिकवताही पुष्कळ मुलांनी त्यांतली घरे, रस्ते, झाडे ओळखली. वरून पाहण्याची समज मुलांत असते. तिला चिन्हांची व प्रमाणाची भाषा द्यायची बाकी असते. आम्हाला हे म्हणणे पटते. मजल्यांवरून, झाडांवरून, टेकडीवरून खाली पाहिलेले मूल आपल्या प्रत्येक वर्गात असते, आणि खेळण्यातल्या गाड्यांसाठी जमिनीवर खडूने रस्ते आखणारेही.

आता दिशा. तिसरी-चौथीच्या वर्गात उत्तर दिशा दाखवायला सांगितली तर काही बोटे हमखास छताकडे जातात. यात मुलांचा दोष नाही. आपण नकाशा भिंतीवर टांगतो, वरची बाजू उत्तर असे सांगतो आणि मग ‘पुण्याच्या वर नाशिक’ असे बोलून जातो. मराठीत ‘वर’ हा शब्द फार खरा आहे. कोकणातला माणूस घाटावर जातो तेव्हा तो खरोखर चढतो. तेव्हा नकाशातले ‘वर’ही उंचावरचेच असणार असे मुलाने धरले तर ते भाषेला धरूनच आहे. यातूनच पुढे नदी नेहमी नकाशात खाली, म्हणजे दक्षिणेकडे वाहते असा समज होतो, आणि तो मोठ्या माणसांतही टिकलेला आढळतो. त्यासाठी नाईलपर्यंत जायला नको. आपली मांजरा पाटोद्याजवळ बालाघाटाच्या डोंगरात उगम पावते, लातूर, बीदर असे करीत तेलंगणात शिरते आणि तिथून वळून उत्तरेकडे वाहत गोदावरीला मिळते. नकाशावर ती चक्क ‘वर चढते’. हे उदाहरण वर्गात द्यावे आणि मुलांना भांडू द्यावे.

उपाय सोपा आहे. नकाशा भिंतीवरून उतरवून जमिनीवर पसरावा आणि त्याची उत्तर खऱ्या उत्तरेकडे करावी. मुलांनी त्याच्याभोवती बसावे. म्हणजे काहींना अक्षरे उलटी दिसतील, आणि ते चांगलेच. मग नकाशात नाशिक ज्या बाजूला, त्या बाजूला हात करून ‘नाशिक तिकडे’ असे म्हणता येते. भिंतीवरच्या नकाशाला ही गोष्ट कधीच साधत नाही.

खरी उत्तर शोधायची कशी? ‘उगवत्या सूर्याकडे तोंड करा, डाव्या हाताला उत्तर’ ही कवायत वर्षातून दोनदाच बिनचूक ठरते, मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये. महाराष्ट्रात डिसेंबरच्या शेवटी सूर्य पूर्वेच्या दक्षिणेला सुमारे २५ अंशांवर उगवतो आणि जूनमध्ये तेवढाच उत्तरेला. दुपारची सावली उत्तरेकडे पडते हे वाक्यही तपासून घ्यावे असेच आहे. आपल्या बहुतेक शाळा जूनच्या मध्यावर उघडतात तेव्हा अख्ख्या महाराष्ट्रात माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेकडे पडते. ढगांनी दिसू दिली तर! शिवाय माध्यान्ह घड्याळातल्या बाराला होत नाही; पुण्यात ती वर्षभरात साधारण १२ वाजून १८ मिनिटे ते १२ वाजून ४९ मिनिटे यांच्या दरम्यान सरकते, नागपुरात याच्या सुमारे वीस मिनिटे आधी. सर्वांत खात्रीची रीत शुल्बसूत्रांइतकी जुनी आहे. अंगणात काठी उभी रोवावी, तिच्याभोवती दोरीने वर्तुळ आखावे. सकाळी आखूड होत जाणाऱ्या सावलीचे टोक वर्तुळाला जिथे स्पर्श करील तिथे खूण करावी, दुपारनंतर ते टोक पुन्हा वर्तुळाला टेकेल तिथे दुसरी खूण. दोन्ही खुणा जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम. तिला काटकोनात उत्तर-दक्षिण. ती रेषा चुन्याने किंवा ऑइलपेंटने पक्की केली की शाळेला कायमची उत्तर मिळाली. चौथीच्या मुलांना हे सहज जमते, आणि भूगोलाच्या तासाला विज्ञान शिकवल्याचा आरोप आपल्यावर आला तर तो आनंदाने स्वीकारावा.

प्रमाणाची गोष्ट अधिक नाजूक आहे. ‘१ सेंमी = १ किमी’ हे गणित मुले करतात, उत्तरही बरोबर येते, पण ते गुणाकाराचे उत्तर असते, अंतराचे नव्हे. अमेरिकेत लिन लिबेन व रॉजर डाउन्स यांनी लहान मुलांशी नकाशांबद्दल बोलून पाहिले. नकाशातली एक रेषा रस्ता असूच शकत नाही, कारण तिच्यावर दोन मोटारी मावणार नाहीत, असे एका मुलाने सांगितले. नकाशात तांबडा असलेला रस्ता प्रत्यक्षातही तांबडाच असेल, असेही काहींना वाटे. हे ऐकून हसू येते, पण मूल इथे विचार करते आहे, आणि त्याचा हा विचार आपल्याला आराखडा भरून घेऊन कधीच कळला नसता.

प्रमाण पायांनी शिकवावे. चौथीच्या मुलांनी मैदान पावलांनी मोजावे आणि गणिताच्या चौकटीच्या वहीत दोन पावलांना एक चौकट असे धरून उतरवावे. प्रत्येकाचे मैदान वेगळे येईल, कारण पावले वेगळी. मग आपोआप दोरीची किंवा टेपची मागणी होते. शब्दप्रमाण, अंकप्रमाण, रेषाप्रमाण या संज्ञा त्यानंतर आल्या तर बिघडत नाही. त्यांतले रेषाप्रमाण आमच्या विशेष आवडीचे, कारण ते कधी खोटे बोलत नाही. १:५०,००० असे छापलेला नकाशा झेरॉक्सवर दीडपट मोठा केला की ते आकडे चुकीचे ठरतात. नकाशाच्या तळाशी आखलेली रेषा मात्र नकाशाबरोबरच मोठी होते. मोबाइलच्या पडद्यावर नकाशा दोन बोटांनी ताणतानाही कोपऱ्यातली ती रेषा आपला आकडा बदलत राहते. ते पाचवीच्या मुलांना एकदा दाखवावे. प्रमाणावरचे आम्ही पाहिलेले चांगले पाठ, गंमत म्हणजे, भूगोलाच्या पुस्तकात नाहीत. एनसीईआरटीने २००८ साली काढलेल्या पाचवीच्या गणिताच्या पुस्तकात दिल्लीच्या इंडिया गेट परिसराचा नकाशा देऊन मुलांना वाटा शोधायला व अंतरे काढायला लावले होते. उत्तरासाठी नकाशा पाहण्यावाचून गत्यंतर नव्हते.

चिन्हांबद्दल थोडक्यात. सूची पाठ करून घेऊ नये, मुलांकडून तयार करून घ्यावी. पुढे पाचवी-सहावीत भारतीय सर्वेक्षण खात्याचे आपल्या भागाचे पत्रक अवश्य दाखवावे. खुल्या मालिकेची पत्रके २०१७ पासून संकेतस्थळावर विनामूल्य मिळू लागली. समोच्च रेषांचा हट्ट नको. पण त्यात कोरड्या ओढ्यानाल्यांच्या रेषा काळ्या आणि पाणी असलेल्यांच्या निळ्या असतात, एवढे जरी पाहिले तरी मराठवाड्यातल्या किंवा माणदेशातल्या मुलाला त्या कागदात आपले गाव भेटते. ‘नदी निळीच’ ही सवयही तिथे मोडते.

आता मूळ मुद्द्याकडे, मूल्यमापनाकडे. महाराष्ट्रात २०१० साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले, तेव्हा गुणांच्या आकड्याबरोबर मुलाविषयी नोंद लिहायची झाली. कल्पना उत्तम होती. पुढे काय झाले ते शिक्षकांना सांगायला नको. तयार नोंदींच्या पुस्तिका दुकानात आल्या आणि ‘नकाशाचे वाचन करतो’ हे वाक्य चाळीस मुलांच्या नावापुढे चाळीसदा उतरले. कोणता नकाशा, काय वाचले, कुठे अडले, याचा त्यात पत्ता नाही. अशी नोंद कोऱ्या आराखड्याची धाकटी बहीणच म्हणायची.

मुलाने काढलेला नकाशा तपासताना आपण बहुतेक सुबकता तपासतो. रेषा सरळ, रंग बाहेर न गेलेले, अक्षर चांगले. नकाशाची खरी परीक्षा एकच असते : तो दुसऱ्याला वापरता येतो का? म्हणून आम्ही पुढील खेळ सुचवतो. एका गटाने शाळेच्या आवारात खडूची पेटी लपवावी आणि जागा आपण काढलेल्या नकाशावर फुलीने दाखवावी. दुसऱ्या गटाने नकाशा घेऊन ती शोधावी. तोंडाने काही सांगायचे नाही. पेटी सापडली तर दोन्ही गट उत्तीर्ण. नाही सापडली तर खरी मौज सुरू होते. चूक काढणाऱ्याची की वाचणाऱ्याची? तोच नकाशा तिसऱ्या गटाला द्यावा. त्यांना पेटी सापडली तर दुसऱ्या गटाचे वाचन कच्चे; त्यांनाही नाही सापडली तर नकाशातच काही राहिले असणार. एवढा काटेकोर निवाडा लेखी परीक्षेत क्वचितच होतो, आणि इथे तो मुलेच करतात.

चुकांमध्येही फरक असतो. समजा, एका मुलीने काढलेल्या नकाशात सगळ्या गोष्टींचा एकमेकींशी संबंध बरोबर आहे, पण पूर्वेचे सगळे उत्तरेला गेले आहे. तिने कागद फिरवून धरला एवढेच. तिला नकाशा जवळजवळ समजलेला आहे. दुसऱ्याच्या नकाशात डावे-उजवे आरशातल्यासारखे उलटले आहे. ही चूक वेगळी, आणि त्याच्यासोबत वाट चालत ‘आता विहीर कोणत्या हाताला?’ असे विचारून ती सुधारावी लागते. तिसऱ्याने आजीचे घर शाळेच्या दुप्पट काढले आहे. त्याला प्रमाण समजलेले नाही, पण महत्त्व समजलेले आहे. चौथीने रस्ता वरून पाहिल्यासारखा काढला आहे आणि घरे समोरून, त्यामुळे एका बाजूची घरे आडवी पडली आहेत. हिला घाई करू नये. अठराव्या शतकातले मोडी लिपीतले मराठी नकाशे पाहिले तर त्यांतही डोंगर, देवळे आणि गड असेच समोरून पाहिल्यासारखे काढलेले आढळतात. सुसान गोल यांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय नकाशांच्या संग्रहात अशा मिश्र दृष्टीच्या नकाशांची रेलचेल आहे, आणि ते नकाशे कामाचे होते. या चौघांना आपण ‘५ पैकी २’ देऊन मोकळे झालो, तर चौघांनाही काही कळत नाही आणि आपल्यालाही.

साठ मुलांच्या वर्गात, किंवा एका शिक्षकाकडे दोन वर्ग असताना, हे कसे करायचे? हा प्रश्न खरा आहे. सगळ्यांचे सगळे एका दिवशी पाहायचे नाही. रोज पाच मुलांशी त्यांच्या नकाशावर दोन-दोन मिनिटे बोलावे, एक ओळ लिहावी. अडीच आठवड्यांत वर्ग पुरा होतो. आणि लेखी परीक्षा घ्यायचीच तर ती नकाशा समोर ठेवून घ्यावी. मध्य प्रदेशातील एकलव्य संस्थेने तिथल्या काही शाळांत सामाजिक शास्त्रांचा जो कार्यक्रम चालवला, त्यात मुलांना परीक्षेत पुस्तक उघडे ठेवण्याची मुभा होती. नकाशाला तर ही रीत जन्मतःच लागू पडते. जिल्ह्याचा नकाशा उघडा ठेवून विचारावे : ही नदी कोणत्या दिशेला वाहते, आणि ते तू कशावरून ओळखलेस? (उपनद्या कोणत्या बाजूला कलून मिळतात हे पाहणारे मूल इथे सापडते.) या दोन तालुक्यांच्या गावांत रेल्वेने जाता येईल का? येत नसेल तर सर्वांत जवळचे स्थानक कोणते? तुझ्या गावातली कोणती गोष्ट या नकाशात नाही, आणि ती का दाखवली नसेल? शेवटच्या प्रश्नाला ठरलेले उत्तर नाही, त्यामुळे तो तपासायला जड जातो. पण नकाशा म्हणजे निवड असते हे याच प्रश्नातून उघड होते.

साहित्य नाही ही तक्रार पुष्कळदा ऐकू येते. तलाठ्याकडे गावाचा नकाशा असतो. आणि शाळेच्या कपाटामागे गुंडाळून ठेवलेला, कडा फाटलेला महाराष्ट्राचा नकाशा असतो. नवा आला म्हणून तो टाकून देऊ नये. मुलांपुढे पसरून विचारावे, हा किती साली छापला असेल? छपाईचे साल आधी कागद चिकटवून झाकावे. पालघर वेगळा दिसत नसेल तर नकाशा २०१४ च्या आधीचा. जालना आणि सिंधुदुर्ग दिसत असतील तर १९८१ नंतरचा. वाशीम व नंदुरबार १ जुलै १९९८ ला झाले, हिंगोली व गोंदिया १ मे १९९९ ला. ज्या नकाशात वाशीम आहे पण हिंगोली अजून परभणीतच आहे, तो नकाशा त्या दहा महिन्यांतल्या महाराष्ट्राचा.